रॉलीला नेलेलं पीठ

अमेरिकेहून परत येऊन आता वर्ष होत आलं, तरी पाचोऱ्याच्या स्टँडवर कोणी ओळखीचं भेटलं की विचारतं, काय काय पाहिलं तिकडे? मी सांगतो, देवमाशाचा सांगाडा पाहिला. एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं, आणि तोवर बसही लागते. पण कॉलेजातल्या मित्रांनी नीट लिहून काढ म्हणून मागे टुमणं लावलं आहे. मला असं लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेले आम्ही दोघेच, आधी भाऊ आणि नंतर मी. माय अंगठा लावते. तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घ्यावं.

भाऊ म्हणजे माझा मोठा भाऊ रवींद्र. पुण्यात संगणकाची नोकरी करता करता कंपनीनं त्याला नॉर्थ कॅरोलिनातल्या रॉली नावाच्या शहरात पाठवलं, त्याला सहा वर्षं झाली होती. मधे तो एकदाही घरी आला नाही. आबा, म्हणजे आमचे वडील, वारले तेव्हाही आला नाही. कागदपत्रांची काही अडचण होती, एकदा बाहेर पडलं तर परत आत घेतील याची खात्री नव्हती, असं त्यानं फोनवर सांगितलं. मग मागच्या उन्हाळ्यात त्यानं मायची आणि माझी तिकिटं पाठवली. मला तो देश पाहायचा होता. मायला देश वगैरे काही पाहायचं नव्हतं. रवी घरी कधी येतो, एवढं त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

तिकिटं श्रावणातली निघाली, म्हणजे कानबाईचा रविवार तिकडेच येणार होता. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, कुंकू, नथ लावून देवीचं रूप देतात आणि सोमवारी नदीत सोडतात. तिच्या नैवेद्याला रोट म्हणतात. घरात जितकी माणसं, तितक्या जणांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू घ्यायचा, धुतलेल्या गिरणीत दळायचा आणि त्याच पिठाच्या पुरणपोळ्या करायच्या. तो रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्याला, मग तो कितीही जवळचा असो, त्यातला घास देत नाहीत. मूठ बंद होते ती दोनच कारणांनी: माणूस वारला, किंवा वेगळा होऊन त्यानं आपली कानबाई वेगळी बसवली. भाऊ अमेरिकेला गेला त्या सालापासून माय दर श्रावणात त्याची मूठ घालत होती आणि त्याच्या वाटची पोळी स्वतः खात होती. या वेळी तिनं घरच्या कानबाईचं काकूवर सोपवलं, आणि तिघांच्या मुठी, तिची, माझी आणि भाऊची, दळून त्याचं पीठ पांढऱ्या फडक्यात बांधून घेतलं.

विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं ते गाठोडं सोडायला लावलं. चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिलं आणि कशाचं म्हणून विचारलं. देवाचं, एवढंच मला इंग्रजीत सुचलं. त्यानं गाठ पुन्हा बांधून दिली, आमच्यापेक्षा घट्ट.

नवी कॉलनी

शहर मध्यमच म्हणायचं. उंच इमारती मोजक्या, त्याही एकाच ठिकाणी. बाकी सगळी झाडं. पण ते कडेकडेनं इतकं वाढत होतं की भाऊलाही रस्ते सापडत नव्हते. मागच्या दिवाळीला इथे जंगल होतं, असं तो गाडी चालवताना दोन-तीनदा म्हणाला. पाईनची उंच झाडं पाडून लाल माती उघडी केलेली, आणि त्या मातीवर लाकडी घरांचे सांगाडे उभे. सकाळपासून खिळे मारायच्या यंत्रांचा आवाज चाले. आमच्या गल्लीत कोणाचा पाया खणला तरी सगळी गल्ली बघायला जाते, सल्ले देते, आणि घरधन्याला चहा पाजत बसावं लागतं. इथे समोरचं घर आमच्या देखत छपरापर्यंत गेलं. बघायला कोणी आलं नाही.

भाऊचं घर दुमजली होतं आणि रंगाचा वास अजून गेला नव्हता. खोल्या पुष्कळ. सामान एकाच खोलीत. बाकीच्या खोल्यांत बोललं की आवाज परत यायचा. माय एकेका खोलीत जाऊन उभी राही आणि बाहेर येई. पहिल्या दुपारी ती ओट्यावर, म्हणजे दाराबाहेरच्या पायरीवर बसून राहिली. संध्याकाळी भाऊ आला तेव्हा तिनं विचारलं,

"बठ्ठा माणसं कोठे गयात?"

"कामावर जातात माय सगळे," भाऊ म्हणाला.

"आनि म्हातारा माणसं?"

त्यावर तो हसला आणि टीव्ही कसा लावायचा ते मला दाखवू लागला. माझ्या एक लक्षात आलं होतं. माय अहिराणीत बोले आणि भाऊ पुस्तकी मराठीत उत्तर देई. मुद्दाम नसेल. पण घरी तो मायशी असं कधीच बोलला नव्हता, आणि पाहुण्याशी बोलतात तसं माझ्या कानांना लागत राहिलं.

भाऊ सकाळी अंधारात जायचा आणि यायचा तो जेवून लगेच झोपायचा. सन दोन हजार आलं की जुने संगणक गोंधळतील म्हणून ते त्याआधी दुरुस्त करायचे, असं त्याचं काम होतं. मला वाटलं होतं रात्री गप्पा होतील. तिसऱ्या दिवशी माय मला न सांगता फिरायला निघाली. पायवाट कॉलनीच्या तोंडाशी एकाएकी संपते, पुढे नुसता मोठा रस्ता. ती लुगडं सावरत गवतातून चालत राहिली. मी शोधत धावलो तर एका जुन्या गाडीतून ती परत येत होती, पुढच्या सीटवर, मांडीवर टमाट्यांची पिशवी. गाडी चालवणारी बाई मायच्याच वयाची, केस पांढरेशुभ्र. तिचं नाव डोरोथी. हिला काही झालंय का, असं तिनं मला दोनदा विचारलं. रस्त्यानं चालणारं माणूस तिथे संकटातलंच समजतात.

डोरोथी कॉलनीच्या तोंडाशी एका जुन्या घरात एकटी राहायची. दुसऱ्या दिवशी आम्ही टमाट्यांची रिकामी पिशवी परत द्यायला गेलो, कारण रिकामी का होईना, पिशवी परत करायचीच, असं मायचं म्हणणं. डोरोथीनं ओट्यावर खुर्च्या मांडल्या. तिचं बोलणं मलाही निम्मंच कळत होतं. तिनं हात लांब करून पाईनच्या रांगेपर्यंत फिरवला आणि तंबाखू असा एक शब्द बोलली. मी मायला समजावणार, तोच माय म्हणाली, "हाई बठ्ठं इनं वावर व्हतं." नवरा गेल्यावर डोरोथीनं ते शेत विकलं, त्यावरच भाऊचं घर उभं होतं. पुढे दोघी बराच वेळ त्या घरांकडे बघत बसल्या, एकमेकींना काही न विचारता.

शहर आणि कपाशी

शनिवारी भाऊला सुटी मिळाली. त्यानं आम्हाला शहर दाखवलं. मधोमध हिरवट तांब्याच्या घुमटाची जुनी विधानसभा, भोवती ओकची झाडं आणि खारी, ज्या माणसाला भीत नाहीत. मग संग्रहालय. तिथे छताला देवमाशाचा सांगाडा टांगला आहे. मी त्याच्याखाली मान वर करून उभा राहिलो आणि मला आपल्या गावच्या शाळेची आठवण झाली, का ते सांगता येणार नाही. एका बागेत फार जुना लाकडी पाळणा आहे, आपल्या जत्रेतल्यासारखा गोल फिरणारा. त्यावर घोडे, हरणं, ससे कोरलेले, सगळे ताजे रंगवलेले. माय आधी नको नको म्हणाली, मग पाळण्यातल्याच एका बाकावर बसली. पाळणा फिरू लागला तसा भाऊ तिच्या शेजारी दांडा धरून उभा राहिला. बहिरमच्या जत्रेत तू हरवला होतास, असं माय त्याला ओरडून सांगत होती आणि तो मोठ्यानं हसत होता. पूर्ण प्रवासात मी त्याला तसं हसताना तेवढंच पाहिलं. इथे थांबून लिहायचं बंद करता आलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी शेतकरी बाजारात गेलो. छपराखाली टरबुजं, रताळी, पीच आणि चक्क भेंडी. मायनं भेंडीचं टोक मोडून पाहिलं, तसा दुकानदार हसला. परतताना शहराच्या पूर्वेला भाऊनं गाडी वळवली आणि दोन्ही बाजूंना कपाशी लागली. माय म्हणाली, थांबव. ती उतरून सरळ शेतात शिरली, पानं उलटून अळी बघू लागली. ओळी पार क्षितिजापर्यंत सरळ. माणूस एकही नाही. बांधाला लाल फिती बांधलेले खुंट ठोकले होते आणि पलीकडे मोठा फलक होता, त्यावर भाऊच्या घरासारख्याच घरांचं चित्र. पुढच्या साली इथे कपाशी नसेल, असं भाऊनं सांगितलं.

कपाशीत उभं राहिल्यानं असेल, मायला धीर आला. तिनं जे विचारायला इतक्या लांब आली होती ते तिथे विचारलं.

"रवी, तू घर कवय येशी?"

भाऊनं फलकाकडे पाहिलं. "बघू माय," तो म्हणाला. "कामाचं कसं होतंय ते बघू."

गाडीत बसल्यावर तीच म्हणाली की उद्या रोट आहे, दिवस मावळायच्या आत घरी ये, मग सावकाश बोलू. तो म्हणाला, रविवारी अर्धा दिवस ऑफिसात जावं लागेल, पण नक्की येतो.

रविवार

नारळ दुकानातून आणला तो तासून गुळगुळीत केलेला, शेंडी नाही. मायनं तो बराच वेळ हातात फिरवला. शेंडीविना नारळ म्हणजे केसांविना बाई, असं ती पुटपुटली, मग काजळानं त्याला डोळे काढले, स्वतःची नथ लावली आणि जरीचा काठ गुंडाळून उघडं डोकं झाकलं. कोऱ्या भिंतीशी, कागदी खोक्यावर, कानबाई बसली. ती शोभत होती असं मी म्हणणार नाही. पण त्या घरात पहिल्यांदा बघावंसं काही होतं.

पुरण मिक्सरमधून काढलं. शेगडीला ज्योत नव्हती, नुसती तापून लाल होणारी कडी. पहिली पोळी टाकली तशी छताला लावलेली धुराची घंटा कर्कश ओरडू लागली. मी खुर्चीवर उभा राहून टॉवेलनं वारा घालतोय आणि माय तव्यावरून नजर न हलवता मला खाली उतर म्हणतेय, पडशील. तिचं पीठ मोजकं होतं, एक पोळीही वाया घालवता येत नव्हती. पोळ्या झाल्या त्या तिनं तीन भागांत लावल्या आणि फडक्यानं झाकल्या. मग आम्ही वाट बघत बसलो. तिकडे उन्हाळ्यात आठ वाजत आले तरी ऊन असतं. मायला ते बरं वाटलं. देवीनं सूर्य धरून ठेवलाय, असं ती म्हणाली.

गाडी वाजली तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर होतं. दारातून भाऊ आत आला आणि त्याच्यामागे आणखी दोघं. एक मदुराईकडचा शण्मुगम, दुसरा केविन नावाचा उंच गोरा माणूस. दोघं भाऊच्या ऑफिसातले. केविननं फुलं आणली होती. चपला-बूट दाराशी काढायचे हे भाऊनं त्याला सांगून ठेवलेलं दिसलं, कारण त्यानं मोज्यांसकट सगळं काढलं आणि गोरे पाय घेऊन अवघडून उभा राहिला. दोघांनी मायला वाकून नमस्कार केला.

मला वाटलं, भाऊ विसरला. मी मायकडे पाहिलं. तिलाही तसंच वाटलं असावं, कारण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, घाई होती. माणूस दारात आलेलं, त्याला जेवल्याविना तर जाऊ द्यायचं नाही. तिनं मला बेसन काढायला लावलं आणि भराभर भात टाकून पिठलं घोटलं. भाऊनं ताटं मांडली आणि पोळ्यांवरचं फडकं उचलायला हात घातला. मायनं आपला पंजा फडक्यावर ठेवला.

"हाऊ रोट शे, रवी."

"माले मालूम शे, माय," भाऊ म्हणाला.

आम्ही आल्यापासून तो अहिराणीत पहिल्यांदाच बोलला. पाहुणे समोर होते म्हणून तो हसतच बोलत होता. आवाज इतका साधा की केविनला वाटलं असेल, मिठाचं विचारतात. वास फार छान येतोय, असं तो मला म्हणालाही.

"आबा गयात तवय मी खोलीमा एकलाच व्हतू," भाऊ म्हणाला. "ह्या दोन्ही जण मनाजोडे बसनात. ह्या शणमुगनी मना डोकावर पानी टाकं. मना भाऊबंद आते ह्याच शेतस."

मायचा पंजा फडक्यावरच होता. "मंग तुनी मूठ?"

भाऊ अजून हसतच होता.

"नको घालू आते."

शण्मुगमला भाषा येत नव्हती, पण त्यानं फडक्यावरचा हात पाहिला आणि स्वतःहून पिठल्याचं पातेलं पुढे ओढलं. माय त्या दोघांना आग्रह करून वाढत होती. केविननं तीनदा भात घेतला, भाऊ त्यांच्याबरोबर पिठलं-भातच जेवला. शण्मुगमनं जाताना पुन्हा मायच्या पायांना हात लावला, तेव्हा तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो तिनं लगेच काढला नाही. बाप गेलेल्या आपल्या पोराला आंघोळ घालणारा माणूस हा, हे तिला कळलं होतं. भाऊबंदांनी करायचं काम त्यानं केलं होतं. पण त्याला रोटाचा घास देणं तिच्या हातात नव्हतं, आणि तिनं दिला नाही. यात चूक कोणाची, हे मी त्या दिवसापासून शोधतो आहे. मला सापडत नाही.

ते गेल्यावर मायनं तिचा भाग खाल्ला, मी माझा. बाहेर उजेड संपत होता. दर साली ती भाऊचा भागही खाते. त्या संध्याकाळी तिनं तो पुढे ओढला, एक तुकडा मोडला आणि परत ठेवला. भाऊ जिन्याच्या पायरीवर बसून हे पाहत होता. मग उठून वर गेला.

नदी

सोमवारी कानबाईला नदी हवी. भाऊ ऑफिसला गेलेला, मला गाडी येत नाही, तिथे बस म्हणजे नसल्यातच जमा. मी डोरोथीकडे गेलो. नारळ नदीत सोडायचा आहे हे मी कसंबसं सांगितलं. तिनं कारण विचारलं नाही. गाडीची किल्ली घेतली आणि डोक्यावर टोपी घातली.

न्यूस नदी आपल्या गिरणा नदीएवढी असेल, पण पाणी चहासारखं तांबूस आणि दोन्ही काठांवर झाडी दाटलेली. एकजण गळ टाकून बसला होता, त्यानं आमच्याकडे पाहून मान हलवली. मायनं नथ काढून घेतली, पाण्यात उतरून नारळ सोडला आणि त्यामागून भाऊच्या वाटच्या पोळ्या. पोळ्या गेल्या. नारळ थोडा पुढे जाऊन एका पडलेल्या फांदीत अडकला आणि काजळाचे डोळे आमच्याकडे करून तिथेच डुलत राहिला. मी काठी शोधली, ती पुरली नाही. डोरोथीनं गळवाल्याला हाक मारली, त्याचीही काठी पुरली नाही.

आमच्याकडे अडलेली कानबाई सोडून काठावरून जात नाहीत. म्हणून आम्ही थांबलो, आणि आम्ही थांबलो म्हणून डोरोथीही थांबली. ऊन वर आलं. शेवटी माय उठली, लुगड्याचा ओला काठ पिळला.

"चाल," ती म्हणाली. "ज्याले ऱ्हावानं, तो ऱ्हाई."

त्यानंतरचे दिवस भाऊनं आम्हाला पुष्कळ फिरवलं. समुद्र दाखवला, सरकता जिना असलेला मोठा बाजार दाखवला. मायनं सगळं पाहिलं. घरी कधी येतोस, हे तिनं पुन्हा विचारलं नाही. भाऊनं तिला लोकरीची शाल घेतली, ती तिनं विमानतळावर अंगावर घेतली, इतक्या उकाड्यात. निरोपाच्या वेळी त्यानं मला बाजूला नेलं आणि सांगितलं की इकडच्या प्रवेशाची परीक्षा दे, इथल्या विद्यापीठाचं मी बघतो, घरात खोल्या रिकाम्याच आहेत. मायला ऐकू जाऊ नये अशा बेतानं तो बोलला. तिनं ऐकलं की नाही, ठाऊक नाही. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

त्या परीक्षेची पुस्तकं आता माझ्या कॉटखाली आहेत. इंग्रजी शब्दांची मोठी यादी आहे, ती मी पहाटे पाठ करतो, ओठ न हलवता.

परवा पुन्हा कानबाईचे गहू घेतले. काकू सूप धरून बसली होती आणि माय एकेकाचं नाव घेऊन मूठ घालत होती. काकाची झाली, काकूची झाली, त्यांच्या पोरांची झाली, तिची स्वतःची झाली. आबांच्या नावाशी ती हल्ली थांबत नाही. रवीच्या नावाशी थांबली. गहू मुठीत होते. तिनं ते हळूहळू परत पोत्यात सोडले, आणि काकू खाली बघत राहिली.

मग तिनं नवी मूठ भरली आणि माझ्याकडे वळून विचारलं,

"दिलीप, तुनी घालू ना?"

दर साली ती विचारत नसे. मी घाल म्हणालो. फार पटकन म्हणालो. मायनं मूठ सुपावर धरली होती, बोटांच्या फटीतून दोन-चार दाणे खालीही पडले, पण ती माझ्याकडे बघत राहिली आणि मूठ उघडेना.